शेवटचा सा

१

माझ्याकडे चित्रं येतात ती मुकी. माणसांच्या सिनेमात निदान चित्रीकरणाच्या वेळचे आवाज असतात, कोणी खोकतं, लांबून गाडी जाते. कार्टूनमध्ये तेही नसतं. काढलेल्या पावलांना आवाज नाही, काढलेल्या वाऱ्यालाही नाही. सकाळचा चहा झाला की मी आलेला एपिसोड एकदा तसाच, मुकाच बघते आणि मग पियानोसमोर बसते. कित्येक वर्षं माझं हेच चाललंय. लोकांना सांगितलं की हसतात. ‘म्हणजे ससा पडला की ढुम्म वाजतं, ते तुम्ही करता?’ हो, ते मी करते. सशाची आई हरवल्यावर जे वाजतं तेही मीच करते, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाही. राहू नये, यातच त्याची खुबी.

काम करते ती खोली पूर्वी आईची होती. आई असताना मी स्वयंपाकघराशेजारच्या अडगळीत कीबोर्ड मांडून बसायचे. मागच्या वर्षी ती गेली. मोठी खोली रिकामी ठेवून आपण अडगळीत घुसमटायचं याला काही अर्थ नव्हता. पलंग काढला, एका भिंतीला जाड फोम लावला, खिडकीला दुहेरी पडदे केले, आणि पलंग होता तिथे पियानो ठेवला. शेजारीण म्हणाली, ‘बाई, तुम्हाला इथे बसून काही वाटत नाही?’ मी म्हटलं, ‘वाटायचंय काय, आवाज छान येतो.’ आणि खरंच छान येत होता.

त्या दिवसांत गोटूचं काम चालू होतं. गोटू हा मालिकेतला एक गोलमटोल, केसाळ प्राणी. अस्वल म्हणावं तर कान सशाचे. तो टेकडीवरच्या घरात एकटा राहतो आणि एक अक्षर बोलत नाही. त्यामुळे त्याचं बोलणं, हसणं, रुसणं, सगळं माझ्या गळ्यात पडलेलं. दिग्दर्शिका माझ्या निम्म्या वयाची, बोलण्यात झपाटा, कामात चोख. तिनं एक सीन पाठवला आणि पाठोपाठ फोन केला.

“मॅडम, यात काहीच घडत नाही. मुद्दामच. बाहेर धुकं आहे, गोटू शेगडीपुढे बसलाय, मागे दार. बास. पोरं कंटाळणार नाहीत एवढं बघा.”

“मग घडवा की काहीतरी.”

“ते तुम्ही घडवा,” ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

२

धून लवकर आली. इतकी लवकर, की आधी मला शंका आली ती चोरीची. कधीतरी कुठेतरी ऐकलेली असणार. दोन जाणकारांना फोनवर गुणगुणून दाखवली. दोघंही म्हणाले, ओळखीची वाटते, पण कुठली ते सांगता येत नाही. आमच्या धंद्यात अशी धून म्हणजे सोनंच.

साधीच होती. खालच्या पंचमावरून सावकाश वर चढायची, मध्येच दम खायला थांबायची, पुन्हा चढायची आणि नीवर येऊन थांबायची. पुढचा सा नाही. संगीत न शिकलेल्या माणसालाही हे कळतं. वरचा सा म्हणजे घर, आणि नी म्हणजे उंबऱ्यावर आलेला माणूस. नीवर थांबलात की ऐकणाऱ्याच्या पोटात एक पाऊल उचललेलंच राहतं. गोटू एकटा बसलेला. त्याला एवढ्यात घर मिळू द्यायचं नव्हतं, म्हणून मी सा वाजवला नाही. त्यामागे दुसरं काहीही कारण नव्हतं.

धून चित्राखाली लावून बघितली आणि मला बरं वाटलं. गोटू दाराकडे कान देऊन बसला होता. शेगडीकडे बघत होता, पण लक्ष सगळं पाठीमागे.

मग आठवलं, की मुक्या चित्रात तो तसा बसलेला नव्हता.

आवाज बंद करून पुन्हा बघितलं. गोटू शेगडीकडे बघतोय. कान लोंबते. धून लावली, कान दाराकडे. यात घाबरण्यासारखं काही नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी याच कामावर जगते. एकच कोरा चेहरा घ्या. खाली हसरी धून लावली तर लोक शपथेवर सांगतात की तो हसतोय, रडकी लावली तर डोळ्यांत पाणी बघतात. न काढलेलं दिसायला लावणं, याचंच नाव पार्श्वसंगीत. मी स्वतःच स्वतःच्या जाळ्यात सापडले होते, आणि खरं सांगायचं तर थोडी खूशही झाले होते.

फक्त ते दार. धून नीवर आली की दाराची फट दिसायची. मी तो भाग एकेक चित्र पुढे सरकवत तपासला. दार बंद होतं. चौकटीची रेघ कुठेही तुटलेली नव्हती. समाधान झालं, धून पाठवून दिली.

पुन्हा येऊन बसण्याआधी मी खोलीचं दार उघडं टाकलं. मी दार लावून काम करणारी बाई आहे. तेव्हा मात्र ते खटकलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेचा फोन आला. आवाज हसरा होता, पण ती मध्येच अडखळत होती.

“मॅडम, एक गंमत सांगते. मी आमच्या चित्रकाराला झापलं. म्हटलं, दार उघडं का काढलंस? तो म्हणे, नाही काढलं. मग सगळे मिळून बघितलं. नाहीच काढलेलं.”

“धून काढून बघितलंत का?”

“हो ना. तेव्हा बंद.” जराशानं ती म्हणाली, “हे भारी आहे. प्रत्येक भागात हवंय. गोटू एकटा बसला की हेच वाजलं पाहिजे.”

तर ते ठरलं. धून सगळ्या मालिकेभर गेली. कधी बासरीवर, कधी नुसत्या तारांवर, आणि दर वेळी नीवर सोडलेली.

मिक्सिंग आम्ही काकांकडे करतो. ते कुणाचेच काका नाहीत, पण सगळे त्यांना काका म्हणतात. बोलणं, संगीत, पावलांचे आवाज असं सगळं एकत्र करून त्याचं माप जुळवणं हे त्यांचं काम. एका तळघरात, भल्यामोठ्या पडद्यासमोर त्यांची फिरती खुर्ची असते. त्या खेपेला मी गेले तर खुर्ची उलटी. काका पडद्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसले होते आणि समोर छोटा आरसा टेकवून त्यात पडदा बघत होते.

“हे काय काका, दाढी करताय?”

“हसा,” ते म्हणाले. “भुताटकीचे सिनेमे मिक्स करताना मी मांडीवर डबा घेऊन जेवलोय. समोर मुंडकं उडतंय आणि मी पोळीचा तुकडा मोडतोय. पण हे पोरांचं चित्र चालू झालं की मला दाराकडे पाठ करवत नाही. सारखी मान वळते. मान आखडली, म्हणून मग खुर्चीच फिरवली.”

“कोणी दिसतं का?”

“छे. कोणी नसतं. तेच तर,” काका म्हणाले आणि एक बटण उगाच खालीवर केलं. “कोणी नाही म्हणून मान परत फिरवावी, तर ते जमत नाही. येणाऱ्या माणसाकडे पाठ करणं बरं दिसत नाही, असं काहीसं वाटतं.”

४

पहिले काही भाग तयार झाल्यावर मुलांना दाखवायची पद्धत आहे. ती कुठे हसतात, कुठे चुळबुळ करतात, ते बघायचं असतं. एका शाळेच्या लांबट खोलीत पडदा लावला होता. जमिनीवर जाड सतरंजी अंथरून मुलं दाटीवाटीनं बसवली होती. मी आणि दिग्दर्शिका मागे खुर्च्यांवर बसलो. दुपार होती. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होता, तरी कडेनं ऊन झिरपत होतं.

मुलं हसायची तिथे हसली. गोटूचा पाय बादलीत अडकला तेव्हा तर एक मुलगा लोळलाच. मग धुक्याचा सीन आला. धून चढायला लागली. खोली शांत झाली. मुलांची शांतता मला ओळखू येते. कंटाळलेली शांतता सळसळते. ही सळसळत नव्हती.

धून नीच्या जवळ आली आणि मुलं सरकली.

पडद्यावरची नजर कुणी काढली नाही, शेजाऱ्याकडे कुणी बघितलं नाही. बसल्या बसल्या हातांवर भार देऊन, बसगाडीत कोणी आलं की सरकतो तशी, ती दोन्ही बाजूंना सरकली. सतरंजीच्या मधोमध जागा झाली. एका माणसाला पुरून उरेल एवढी. दाटीतली मुलं एकमेकांच्या मांडीवर आली, पण त्या जागेत कुणाचा पायसुद्धा गेला नाही. सीन संपला, गोटू पुन्हा धडपडला, मुलं हसली. जागा तशीच राहिली.

दिग्दर्शिकेनं माझा हात धरला होता. तो तिनं सोडला आणि ती फोनवर काहीतरी बघायला लागली.

दिवे लागल्यावर मी पुढे गेले. त्या जागेच्या कडेला एक मुलगी बुटाचा बंद बांधत होती. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले.

“आवडला गोटू?”

“हो.”

“मघाशी तुम्ही सगळे का गं सरकलात?”

तिनं मला कळत कसं नाही, अशा नजरेनं बघितलं. “तिला बसायला.”

“कुणाला?”

“ती अजून आली नाहीये,” मुलगी म्हणाली आणि दुसऱ्या बुटाचा बंद बांधायला लागली.

५

मला एक मोठा भाऊ आहे. दूर राहतो. दर रविवारी फोन करतो. पन्नाशी उलटलेल्या बाईला चिमे म्हणणारं जगात आता तेवढंच एक माणूस उरलंय.

“चिमे, जेवलीस का?”

“जेवले, दादा.”

“काय एकटी बसतेस तिथे? इकडे ये. घर मोठं आहे, आम्ही दोघंच. तुझ्या वहिनीलाही सोबत होईल.”

“काम आहे रे.”

“काम काय, पेटी घेऊन ये.” पियानोला तो पेटी म्हणतो, मला चिडवायला.

दादा चांगला आहे. मी त्याच्यावर कधी रागावले असेन तर ते आईमुळे. आईचं सगळं मी केलं, औषधं, उठवणं, पुसणं, रात्रीची जागरणं. पण आई डोळे लावून बसायची ती दादाच्या वाटेकडे. मी उठवायला गेले की गुडघे दुखायचे. दादा आला की तीच बाई त्याच्या कोपराला धरून तीन मजले उतरून जायची. त्यात दादाचा काही दोष नव्हता आणि आईचाही नसावा. घरोघरी मातीच्याच चुली.

फोन ठेवला की घर एकदम मोठं व्हायचं. मग मी त्याच खोलीत जाऊन बसायचे आणि ती धून वाजवायचे. कामासाठी वाजवत होते असं म्हणायला जागा होती, कारण प्रत्येक भागासाठी ती नव्यानं बांधावी लागत होती. पण काम नसतानाही वाजवत होते. दुपारच्या उन्हात, दार उघडं टाकून.

एक दिवस वरच्या सप्तकातला सूर निसटला. बोट पोचलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चुकला. म्हटलं, झालं, वय झालं. हात झटकले, खांदे फिरवले, आणि मग खाली बघितलं.

पियानोसमोरचं माझं बाकडं चांगलं लांब आहे. मी त्याच्या डाव्या टोकाला बसले होते. इतक्या टोकाला, की एक मांडी हवेत होती. उजवीकडचं सगळं बाकडं मोकळं.

मी उठले. मधोमध बसले. स्वतःशीच मोठ्यानं म्हटलं, ‘मुलांना बघितलंस, ते डोक्यात राहिलंय.’ ते पटण्यासारखं होतं. एकानं जांभई दिली की दुसरा देतो, तसंच हे. पण बाकड्याच्या डाव्या टोकाचं रेक्झिन बसून बसून चेपलं होतं, आणि ते एका दिवसात चेपत नाही. मुलांना बघून तर आठवडासुद्धा झाला नव्हता.

६

शेवटच्या भागाची चित्रं आली तेव्हा दिग्दर्शिका स्वतः घरी आली. बाहेरच्या खोलीत चहा घेता घेता म्हणाली, “मॅडम, सगळ्या मालिकेत पोरांना नीवर टांगून ठेवलंय आपण. शेवटी गोटूचं दार वाजतं, तो उठतो, दार उघडतो. तिथे सूर घरी आणायचा. सा.”

“दारात कोण असतं?”

“कोण म्हणजे? पोपटी टोपीवाला शेजारी. पहिल्या भागापासून तोच ठरलाय.” मग कप खाली ठेवून तिनं विचारलं, “तुम्हाला काय वाटलं?”

“काही नाही,” मी म्हटलं. आम्ही दोघी उगाच हसलो.

ती गेली आणि थोड्या वेळानं काकांचा फोन आला. त्यांना तिच्याकडून कळलं होतं.

“संपवताय म्हणे.”

“हो काका. कधीतरी संपवायलाच हवी.”

“मग माझ्याकडे येऊन संपवू नका. घरी काय करायचं ते करा.”

“काका, तुम्ही असलं मानता?”

“मानत नाही ना. मानणाऱ्या माणसाला भीतीची सवय असते, देव असतो, उपाय असतात. माझ्याकडे काही नाही. म्हणून सांगतोय.”

मी त्यावर बराच विचार केला असं म्हणू शकत नाही. एखादी धून महिनोन्महिने अर्धी सोडली की वाजवणाऱ्यालाच त्रास होतो. दातात अडकलेल्या तंतूकडे जीभ जात राहते, तसं माझं चाललं होतं. आणि दुसरंही एक होतं. त्या दिवशी सकाळपासून कुणाशी बोलणं झालं नव्हतं. दिग्दर्शिका आणि काका बोलले तेवढंच. माझ्या दाराशी कोणी उभं असेल, तर ते निदान माझ्या दाराशी होतं.

पडदे बाजूला केले. भरपूर ऊन होतं. मी धून पहिल्यापासून वाजवली. वर चढले, दम खायला थांबले, पुन्हा चढले, नीवर आले. आणि सा वाजवला.

काहीच झालं नाही. दार हललं नाही, ऊन तसंच होतं. पट्टी दाबून धरली आणि सूर विरायची वाट बघत बसले. मला हसू यायला लागलं होतं.

मग लक्षात आलं, की सूर लवकर विरला होता.

मी पुन्हा सा वाजवला. पुन्हा तसाच. त्या खोलीत एक सूर किती वेळ रेंगाळतो हे मला स्वतःच्या श्वासाइतकं ठाऊक आहे. माणसाचं अंग आवाज शोषतं. रिकाम्या सभागृहात वाजवलेलं आणि भरलेल्या सभागृहात वाजवलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आंधळा वादकसुद्धा सांगेल आज गर्दी किती आहे ते. मी उभी राहिले आणि एकदा टाळी वाजवली. फोमचा हिशेब धरूनही टाळी मऊ पडली. बाहेरच्या खोलीत गेले. तिथे सोफा सोडला तर फरशी आणि उघड्या भिंती. टाळी खणखणीत परत आली. पुन्हा आतल्या खोलीच्या दारात आले आणि टाळी वाजवली.

आतली खोली रिकामी नव्हती.

७

तो सा मी कुणाला दिला नाही. शेवटच्या भागासाठी पोपटी टोपीवाल्याची वेगळीच टुणटुण उडती धून केली. दार उघडल्याबरोबर जुनी धून मध्येच तुटते आणि ती सुरू होते. दिग्दर्शिका आधी कुरकुरली, मग म्हणाली, हेच बरं, पोरं हसतील. मिक्सिंगला गेले तर काकांची खुर्ची पुन्हा सरळ झाली होती. आरसा नव्हता.

“मान दुखायची थांबली हो,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून ते बटणांकडे वळले.

घरी मी टाळ्या वाजवत हिंडायचे. शेजारणीला वाटलं असेल, हिनं आरोग्यासाठी टाळ्यांचा व्यायाम सुरू केलाय. काही दिवस फक्त आतली खोलीच मऊ होती. मग एके दिवशी बाहेरची खोली मऊ पडली आणि आतली खणखणीत झाली. स्वयंपाकघरात मी असले की स्वयंपाकघर. मी कुठे जाते तिथे ते येत होतं, पण लगेच नाही. चालायला वेळ लागत असल्यासारखं.

ती कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर एकच उत्तर आलं असतं, आणि ते मला नको होतं असंही नाही. पण मी कानाचं काम करणारी बाई आहे. आई शेवटी शेवटी मूठभर राहिली होती. तेवढ्या वाळक्या अंगानं इतका आवाज शोषला नसता. त्या खोल्या अशा वाजत होत्या की जणू पाच-सहा माणसं भिंतीला चिकटून उभी आहेत.

एकदा चहा करताना मी म्हटलं, “घेणार का?” विचारल्यावर इतकी लाज वाटली की स्वतःचाही चहा ओतून दिला.

मला वाटलं होतं, कोणी असलं तर बरं वाटेल. पण घरात माणूस असून बोलत नसेल, तर ते नसण्यापेक्षा वाईट. एकटी असताना मी गुणगुणायचे, भांडी आपटायचे, रेडिओवरच्या बातम्यांशी भांडायचे. आता हळू चालायला लागले. पियानो बंद ठेवला. माझं सगळं कुणीतरी ऐकत होतं आणि त्यावर काहीच म्हणत नव्हतं.

रविवारी दादाचा फोन आला.

“कोण आलंय गं तुझ्याकडे?”

“कोणी नाही.”

“मग अशी हळू का बोलतेस? कोणी झोपलं असल्यासारखी?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तो म्हणाला, “मी येतो. मला काही ठीक वाटत नाही.”

८

दादा दुपारी आला. जिना चढून धापा टाकत होता. दारातच म्हणाला, “वाळलीस, चिमे.” आत आला आणि भल्यामोठ्या सोफ्याच्या अगदी कडेला, हातावर रेलून बसला. मी बघत होते. नीट बैस ना, असं म्हणणार होते, पण म्हटलं नाही.

जेवताना त्यानं पुन्हा तोच विषय काढला. “चल माझ्याबरोबर. आजच चल असं नाही, पण ठरव. वहिनी खोली लावून ठेवते म्हणाली.”

“बघते.”

“बघते काय? कोण बांधून ठेवतंय तुला इथे?”

त्या वेळी मी हो म्हणणार होते. खरंच म्हणणार होते. बॅगेत काय भरायचं ते डोक्यात सुरूही झालं होतं. पण त्याला जेवणानंतर डुलकी लागली, तिथेच, सोफ्याच्या कडेला. मी मागचं आवरलं. परत आले तर तो जागा होता आणि समोर बघत होता. चेहऱ्यावरचा थकवा गेलेला. कितीतरी वर्षांत मी त्याला इतकं निवांत बघितलं नव्हतं.

“निघतो,” तो म्हणाला.

“एवढ्यात? चहा तरी घे.”

“नको. ऊन आहे तोवर निघालेलं बरं. उतरायला वेळ लागतो.”

त्याच्याबरोबर जायचं काय ठरलं, ते त्यानं विचारलं नाही. माझ्या डोक्यावर हात ठेवला, चपला घातल्या आणि दार उघडलं. उघडून बाहेर पडला नाही. दार धरून, अंग चोरून, बाजूला उभा राहिला. कुणीतरी आधी बाहेर पडावं म्हणून उभं राहतात तसा. मग हसून, माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाला, “सावकाश. घाई नाही.”

दार त्यानं ओढून घेतलं. मी तिथेच उभी राहिले. माझा श्वास मला मोठ्यानं ऐकू येत होता, भिंतींवरून परत येत होता. घर रिकामं झालं होतं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की शेवटी त्याच्याचबरोबर. मी बोलावलं, मी जागा दिली, आणि निघायची वेळ आली तेव्हा त्याच्याबरोबर. हा विचार पुरता होईपर्यंत दुसरा आला. ती तीच असेल तरच. आणि नसेल, तर मी दादाबरोबर काय पाठवलं?

मी दार उघडून जिन्याच्या कठड्याकडे धावले.

दादा एक मजला उतरला होता. एकेक पायरी. एक पाय खाली, थांबायचं, बाजूला बघायचं, मग दुसरा. उजवा हात कठड्यावर, डावं कोपर अंगापासून जरा लांब धरलेलं. मधल्या वळणावर एक छोटी खिडकी आहे, तिच्यातून ऊन आत येतं. तो त्या उन्हात आला आणि त्याची सावली भिंतीवर पडली, आखूड, टक्कल असलेली, त्याचीच. तिच्या शेजारची भिंत मात्र पार छतापर्यंत काळवंडली. मग तो वळला आणि भिंतीवर पुन्हा ऊन आलं.

हाक मारायला हवी होती. तोंड उघडलंही होतं. पण दादाला हाक मारली असती तर तो थांबला असता, आणि त्याच्याबरोबर तिनंही थांबून वर बघितलं असतं. तिला हाक मारायची तर कोणत्या नावानं, ते मला ठरवता येईना.

खाली इमारतीचं दार उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते कुणीतरी धरून ठेवलं होतं. मग लागलं.